लेगिंगवाल्या काकू

अन्याय झाला तो सपनावर. गेल्या वर्षी, राखीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठची बॅच सुरू व्हायला जेमतेम पाच मिनिटं असताना, इंदुरात भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासच्या गेटवर. सपना सांवेरकडच्या एका गावातली, पटवारीच्या, म्हणजे तलाठ्याच्या, परीक्षेची तयारी करणारी. राखीला घरी गेली होती, पहिल्या बसनं परत आली आणि पिशवी खोलीवर न टाकता थेट क्लासला पोचली. गेटवर रिसेप्शनच्या मॅडमनी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "हाथ सीधे करो." सपनानं हात सोडले. कुर्ती बोटांच्या टोकांच्या वर संपत होती. मॅडम म्हणाल्या, "छोटी है. वापस जाओ. कल पापा को लेके आना, नहीं तो नाम कट."

त्याच वेळी तिच्या शेजारून मुलं हाफ पँटीत आत जात होती. त्यांचे हात कोणी सरळ केले नाहीत.

सपनाचं नाव बदललंय. बाकी एक अक्षर बदललेलं नाही.

मी चौकात वाटायची पत्रकं लिहिते. दिवसा तुकोगंजातल्या एका ऑफिसात काम, संध्याकाळी पत्रकं. त्यामुळे कोणावर, कधी, कुठे हे आधी लिहायची सवय लागलीय. पण आज जे लिहितेय ते त्या कुर्तीबद्दल, आणि ती कुर्ती जिनं कापली त्या बाईबद्दल. नाव लिहिणार नाही. त्यांनीच बजावलंय: "माझं नाव छापलंस ना, तर तुझ्या पत्रकानं पोळ्यांचा डबा पुसीन." आम्ही मुली त्यांना काकू म्हणायचो, हिंदी बोलणाऱ्या मुली आंटीजी म्हणायच्या, आणि गल्लीतले लोक म्हणायचे लेगिंगवाल्या काकू. हे तिसरं नाव त्यांना सगळ्यात आवडायचं.

काकू आमच्या घरमालकीण. भंवरकुआंच्या चौकामागे एका गल्लीत त्यांचं दोन मजली घर. खाली त्या, वर आम्ही भाडेकरू मुली. वडील मिलमध्ये होते, नवरा रेल्वेत, स्वतः एका सरकारी कचेरीत कारकून. दोघंही गेले, एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला, त्यामुळे एकट्याच राहायच्या. नोकरीभर साडी नेसल्या. रिटायर झाल्या त्या दिवशी हार, नारळ आणि शाल घेऊन घरी आल्या, साडी सोडली, नीट घडी घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून लेगिंग आणि कुर्ती. कारण विचारलं की एकच उत्तर: "आयुष्यभर टेंपोत चढताना एका हातात निऱ्या धरल्या. आता तो हात मला वापस पाहिजे."

हा हात लक्षात ठेवा. काकूंचं सगळं तत्त्वज्ञान या एका हातावर उभं होतं.

त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पूर्ण उंचीचा आरसा होता. जुन्या लोखंडी कपाटाचं आरशाचं दार त्यांनी उचकटून भिंतीला ठोकलं होतं. हँडल तसंच होतं, त्याला किल्ल्या लटकायच्या. शेजारी लाकडी स्टूल. वरच्या मजल्यावरून उतरणाऱ्या मुलीला बाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता. काकू भाजी निवडता निवडता मान वर करायच्या.

"थांब. वळ. आता बसून दाखव."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. "उभं राहून कोणीपण छान दिसतं. दुकानातला पुतळा उभाच असतो. तू दिवसभर काय उभी राहणार आहेस का? बसून दाखव." मग स्टुलावर बसायचं. बसल्यावर कुर्ती पोटाशी गोळा झाली, बाजूची चीर कमरेपर्यंत उघडली, लेगिंगचं गुडघ्यावर पोतं झालं, तर नापास. पास झालात तर दुसरी परीक्षा: वर्गात प्रश्न विचारायला करतात तसा हात वर. हाताबरोबर कुर्तीही वर गेली तर परत नापास.

"काखेतला मुंढा खाली कापलाय," काकू शिंप्याला शिव्या घालत म्हणायच्या. "मुंढा वर घेतला ना, की हात कुठेपण जाऊ दे, कुर्ती जागची हलत नाही. रेडिमेडवाल्यांना मालूम आहे, पण कापड वाचवतात बदमाश."

त्यांचे नियम ऐकायला फॅशनच्या मासिकातले वाटत, पण कारणं पार वेगळी असायची. कुर्ती मांडीच्या सगळ्यात रुंद जागेवर संपवायची नाही, कारण "नजर तिथेच जाऊन थांबते, अन् मग तूपण दिवसभर तिथेच थांबते." बाजूची चीर कमरेच्या हाडाच्या खाली सुरू व्हायला हवी, म्हणजे जिना चढताना मागे हात न्यावा लागत नाही. बुटक्या मुलीनं कुर्तीच्या रंगाचीच गडद लेगिंग घालावी, खांद्यापासून घोट्यापर्यंत एक सरळ रेघ होते आणि मुलगी हातभर उंच वाटते. जाड कुर्तीवर पातळ लेगिंग नाही. छापील कुर्तीवर छापील लेगिंग तर त्यांच्या घरात आणायलाच बंदी. आणि अंगाच्या रंगाची लेगिंग दिसली की काकू देवासमोर हात जोडायच्या.

दर मोसमात त्या कपडा मार्केटला जायच्या आणि बाग प्रिंटच्या, म्हणजे बाग गावच्या ठशांच्या छपाईच्या, एखाद्या थानाचा उरलेला अख्खा तुकडा उचलून आणायच्या. त्यातून घरातल्या प्रत्येक मुलीला एक कुर्ती शिवायच्या, आणि स्वतःला एक. कापड तेच, काट वेगळा. कोणाला सरळ, कोणाला घेरदार, कोणाला गळा खोल, कोणाला बाही कोपरापर्यंत. आम्ही घोळक्यानं निघालो की कोपऱ्यावरचा चहावाला ओरडायचा, "लो, काकू की पलटन आ गई!" मला लाज वाटायची. युनिफॉर्मविरुद्ध पत्रक लिहिणारी मी, आणि अंगात पलटणीची कुर्ती.

काकूंशी माझं पटत नसे. हे स्पष्ट लिहिते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं गोड लिहायला त्या काही गेलेल्या नाहीत. फक्त इंदूर सोडून गेल्यात. त्यांची जीभ कात्रीइतकीच चालायची. वरच्या मजल्यावरच्या एका मुलीला त्या म्हणाल्या होत्या, "तुझे खांदे हमालासारखे आहेत. मस्त आहेत, झाकते कशाला?" दुसरीला: "पोट आहे ना? असू दे. पण त्याच्यावर खिसा कशाला लावलास? सगळे तिथेच पत्ता विचारत येतील."

मी एकदा भडकले. "काकू, याला बॉडी शेमिंग म्हणतात."

"अच्छा. अन् तू काय म्हणते त्यांना?"

"मी कोणाच्या शरीराबद्दल काही बोलतच नाही."

"ते मी बघितलंय. काही न बोलता तू तीन साइज मोठा कुर्ता घालून फिरते. तुला वाटतं तो क्रांतीचा झेंडा आहे. मला तो दोरीवरचा टॉवेल वाटतो."

"मला कोणाला छान दिसायचं नाहीये, काकू!"

"मग नको दिसू ना. कोण जबरदस्ती करतंय?" त्यांनी चष्मा काढला. मोठं काही बोलायचं असलं की चष्मा निघायचा. "पण तुझा डावा हात दिवसभर कुठे असतो, मालूम आहे? मागे. कुर्ती ओढत. तू भाषण देते तेव्हापण. एका हातात माइक, दुसऱ्या हातात कुर्ती. मी चौकात उभं राहून बघितलंय. मुलीला हात दोनच असतात. एक कुर्ती ओढायला ठेवला तर काम कशानं करणार? शोभणं-बिभणं मला सांगू नको. जी घालून विसरता येते ती शोभते. बस."

दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसले आणि माप दिलं.

माझी पत्रकं त्या चष्मा लावून वाचायच्या, पेन्सिल घेऊन. एकदा म्हणाल्या, "मजकूर बढिया आहे. पण पोटरीपर्यंत गेलाय. गुडघ्याच्या वर घे." मी चिडले, आणि खालचे दोन परिच्छेद कापले. ते पत्रक लोकांनी शेवटपर्यंत वाचलं.

एक हळदीकुंकू मी विसरणार नाही. तुकोगंजात त्यांच्या माहेरच्या नात्यातल्या एका घरी संक्रांतीचं होतं. मला सोबत म्हणून ओढून नेलं. सगळ्या बायका पैठण्या, चंदेरी, महेश्वरी अशा जामानिम्यात, आणि काकू गडद निळी कुर्ती, निळी लेगिंग, केसात मोगऱ्याची वेणी. एका जाड चष्म्याच्या बाईंनी तोफ डागलीच.

"काय हो, या वयात हे?"

"याच वयात," काकू म्हणाल्या. "तुमच्या-माझ्या गुडघ्यांचं वय झालंय ना वैसे पण. तुम्ही त्या खुर्चीवर का बसलात? साडीत खाली बसून उठायला आता दोन जण लागतात. मी बसून दाखवते, बघा." आणि त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या, वाण घेतलं, आणि कोणाचाही हात न धरता उठल्या. उठताना गुडघा कडकन वाजला. तो आवाज अख्ख्या हॉलनं ऐकला, पण काकूंनी तोंडावरची रेघ हलू दिली नाही.

त्या घरची नवी सून तिळगूळ वाटत होती. तिच्या अंगात सासूनं घ्यायला लावलेला जरीचा लांबलचक कुर्ता होता, त्यात पाय अडकत होते. काकू जाता जाता तिच्या कानाशी लागल्या, "अगं, चार बोटं वर घे. पायात येतंय. पडशील तर म्हणतील सून धांदरट." दोन दिवसांनी ती सून स्कूटीवरून पिशवीत तीन कुर्ते घेऊन आमच्या दारात हजर. "सासूबाईंना सांगू नका, काकू." काकूंनी स्टूल पुढे सरकवलं.

आता सपना.

सपना आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिचा कुर्ता पोटरीपर्यंत, खाली ढगळ सलवार, वर दोन खांद्यांवर पिना लावलेली ओढणी. बुटकी मुलगी, त्या कापडात ती सापडायचीच नाही. हात मात्र लांब, पार लांब. काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "या हातांनी तू झाडावरचा पेरू उडी न मारता काढत असशील." सपना हसली. नंतर कित्येक दिवस तिचं तेवढंच हसणं आम्ही पाहिलं. क्लासमध्ये ती शेवटच्या बाकावर बसायची. शंका असली तरी हात वर करायची नाही, कारण हात वर केला की कुर्ता ताणायचा, पीन सुटायची आणि सगळी ओढणी खाली यायची.

तिला इंदूरला पाठवायला वडील तयार नव्हते. आईनं भांडून एक वर्ष मिळवलं होतं. अट एकच: क्लासमधून एक तक्रार आली की त्याच दिवशी घरी. देवासकडचं एक स्थळ दाराशी येऊन थांबलंच होतं.

काकूंनी तिला मरून बाग प्रिंटची सरळ कुर्ती कापली. मुंढा वर, गळा जरा खाली उतरता, बाजूची चीर हाडाखाली, उंची गुडघ्याच्या वर चार बोटं, आणि त्याच मरून रंगाची जाड लेगिंग. सपना घालून खाली आली. आरशासमोर उभी राहिली, वळली, स्टुलावर बसली. मग न सांगता स्वतःच तिनं हात वर केला. कुर्ती हलली नाही. ती हात तसाच वर धरून आरशात बघत राहिली.

"हां," काकू म्हणाल्या. "आता विचार, काय विचारायचंय ते."

त्या आठवड्यात तिनं क्लासमध्ये पहिली शंका विचारली. मग दुसरी. सर तिला नावानं ओळखू लागले. राखीला ती तीच कुर्ती घालून गावी गेली. आईनं बघितली, वडिलांनी बघितली, कोणी हरकत घेतली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, क्लासनं नव्यानं काढलेल्या नियमाच्या पहिल्याच दिवशी, गेटवर ते झालं, जे मी वर लिहिलंय.

दुपारी सपना स्टुलावर येऊन बसली. रडत नव्हती. कुर्ती बदलून तिनं घडी करून आणली होती. "आंटीजी, इसको लंबा कर दो."

काकू प्रत्येक कुर्तीच्या खालच्या दुमडीत तीन बोटं कापड राखून ठेवायच्या. त्यांनी ती कुर्ती उलटी केली. कात्री घेतली आणि तुरपाईचा पहिला टाका उसवला.

"पर उससे क्या होगा," सपनाच म्हणाली. "पापा को तो फिर भी बुलाएंगे. पापा आए, तो लेके ही जाएंगे."

मी तोवर पेटलेली. म्हटलं, आत्ता पत्रक काढते. क्लासचं नाव, सपनाचा फोटो, मोठ्या अक्षरात. उद्या सकाळी चौकात वाटते.

"तिचा फोटो छापलास," काकू म्हणाल्या, "तर तो बसनं तिच्या आधी सांवेरला पोचेल. मग तुझं पत्रक जिंकलं अन् ही गेली. गप बस जरा." मग कात्री तशीच धरून त्यांनी सपनाकडे बघितलं. "ही लांबी माझी आहे. कापली मी. गुन्हा असेल तर माझा. पापाच्या जागी मी येते. तुला कुर्ती लांब पाहिजे का छोटी, ते तू सांग. लगेच करून देते, मला काही वाटणार नाही. तुझी परीक्षा आहे, माझी नाही."

सपनानं कात्रीवर हात ठेवला. "रहने दो. पहले आप चलो."

काकूंनी तो उसवलेला एक टाका परत घातला.

सकाळी आम्ही तिघी निघालो. काकूंनी त्याच थानातली त्यांची स्वतःची मरून कुर्ती घातली होती. क्लासच्या दारात मुलींची रांग बाजूला लागलेली, मुलं सरळ आत जात होती. काकू रांगेत सगळ्यात पुढे जाऊन उभ्या राहिल्या. गार्ड धावत आला.

"नमस्ते माताजी. आप इधर कहां? विजिटर वहां बैठते हैं, पंखे के नीचे."

"मी व्हिजिटर नाही, भिया. मैं लाइन में हूं." आणि मॅडमकडे वळून, "नापो."

मॅडमना हसू आलं. "आंटीजी, आपका क्या नापना?"

"क्यों? मेरे हाथ नहीं हैं?" काकूंनी हात सोडले, ताठ उभ्या राहिल्या. त्यांचे हात आखूड. कुर्ती बोटांच्या टोकांच्या चांगली खाली आली. "पास?"

"पास, पास," मॅडम म्हणाल्या. त्यांना वाटलं, संपलं.

"सपना, इधर आ. मेरे बाजू में." सपना शेजारी उभी राहिली. दोघींच्या अंगात तेच कापड, तोच रंग. काकूंनी तिच्या कुर्तीची कड आणि आपल्या कुर्तीची कड दोन बोटांत धरून सगळ्या रांगेला दाखवल्या. "ये देखो. मेरी घुटने से छह उंगल ऊपर है, इसकी चार. मेरी ज्यादा छोटी है. मैं पास, ये फेल. क्यों? क्योंकि इसके हाथ लंबे हैं. मॅडम, आप कुर्ती नाप रहे हो कि हाथ?"

रांगेत कोणीतरी फसकन हसलं. मॅडमचा चेहरा उतरला. गडबड ऐकून आतून संचालक आले. टाय, हातात चहाचा कागदी कप.

"क्या है आंटीजी? नियम है. सबके लिए है. लड़कों का ध्यान भटकता है."

काकूंनी मागे वळून बघितलं. एक दाढीवाला मुलगा पाठीवर बॅग अडकवून, हातात कागदात गुंडाळलेले पोहे खात खात तमाशा बघत उभा होता.

"क्यों भिया, तेरा ध्यान कहां है?"

"आंटीजी, सच बोलूं? सेव कम डाली है उसने."

सगळं गेट हसलं. संचालकही हसले, पण लगेच सावरले. "देखिए, आपकी बात अलग है. आप बुजुर्ग हैं."

"अच्छा!" काकूंनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, आता गेले हे. "मतलब कुर्ती की बात ही नहीं है. वही कुर्ती मैं पहनूं तो नमस्ते माताजी, ये पहने तो पापा को बुलाओ. तो फिर बोर्ड पे सीधा लिखो ना, जवान लड़की मना है. फीस लेते टाइम तो नहीं लिखा था."

संचालकांनी कप गार्डकडे दिला. "मैं बहस नहीं करूंगा. इसके पापा आएंगे, उनसे बात होगी."

"ठीक है. ये अंदर नहीं जाएगी, तो मैं यहीं खड़ी हूं. पहले नंबर पे. मेरे पीछे वालों को जाना है तो बाजू से जा सकते हैं." आणि मला हळूच मराठीत, "मला धर जरा, गुडघा कडकड करून राहिलाय."

मी त्यांच्या शेजारी अशी उभी राहिले की त्यांना माझ्या खांद्यावर भार टाकता येईल. बाजूनं जायला जागा भरपूर होती. एकही मुलगी गेली नाही. घोषणा नाही, टाळ्या नाहीत. मला घोषणा येत होती, ओठावर होती, पण काकूंनी माझ्या खांद्यात बोटं रुतवली होती. आठची घंटा झाली. रांग तशीच.

तेव्हा सपना बोलली. गेटवर आल्यापासून पहिल्यांदा. बोलायच्या आधी तिनं वर्गात करतात तसा हात वर केला. संचालकांसमोर, सगळ्यांसमोर.

"सर, आज टेस्ट है. मुझे टेस्ट देनी है."

कुर्ती जागची हलली नाही.

आतून शिकवणारे सर बाहेर आले. अर्धा वर्ग रिकामा, पेपर वाटू की नको, हे विचारायला. त्यांनी सपनाला पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ये बाहर क्यों है? यही तो सवाल पूछती है." संचालकांनी इकडे-तिकडे बघितलं आणि हात झटकला. "जाने दो."

सपना आत गेली. तिच्यामागे रांग आत गेली. वडिलांना फोन गेला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. ती इंदूरलाच राहिली. परीक्षा दिली, निकालाची वाट बघतेय. देवासचं स्थळ दुसरीकडे जमलं.

पण तो नियम कोणी मागे घेतला नव्हता, आणि काकूंना ते पक्कं मालूम होतं. दुसऱ्या दिवशी त्या परत गेल्या. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन येता येता भंवरकुआंच्या त्या रांगेत सगळ्यात पुढे उभ्या राहायच्या, हात सोडून. मोजायचं तर पहिलं माप त्यांचंच घ्यावं लागलं असतं, म्हणून त्या उभ्या असेपर्यंत मोजणं बंद. सगळी रांग आत गेली की दूध घेऊन घरी. गार्ड त्यांच्यासाठी स्टूल ठेवायला लागला. मॅडमशी त्यांचं भांडण तर सुरूच, पण वेगळंच. "तुमची ही लेगिंग चमकते, मॅडम. ट्यूबलाइटखाली अजून चमकते. बिना चमकवाली घ्या." एका सकाळी मॅडम इकडे-तिकडे बघून म्हणाल्या, "आंटीजी, वो आपका वाला प्रिंट बचा है क्या थोड़ा?" काकूंनी तिथेच गेटवर दोरीनं माप घेतलं. मी वैतागले. "काकू, तिला कशाला? मोजणारी तीच ना?"

"मग? तिलापण हात वर करता आला पाहिजे. एक दिवस तीच करील."

ही त्यांची बाजू मला आजही नीट पचत नाही. पण लिहिते, कारण घडलं ते हे.

यंदा उन्हाळ्याआधी गुडघा अगदीच बसला. मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. घराला कुलूप आहे, आम्ही मुलींनी दुसरीकडे खोल्या घेतल्यात. आरसा माझ्या नव्या खोलीत आहे, हँडलसकट. परवा व्हिडिओ कॉल केला तर पहिलं वाक्य, "मागे सरक. काय घातलंय ते दिसत नाही." मी मागे सरकले. "आता बसून दाखव." मी बसले. मग सांगितलं ते, जे सांगायला फोन केला होता.

या महिन्यापासून त्या गेटवर मोजणी परत सुरू झालीय. तीच रांग, तेच "हाथ सीधे करो". हे कळल्यावर सपना स्वतः तिथे गेली. काकूंसारखी सगळ्यात पुढे उभी राहिली, मरून कुर्तीत, आणि म्हणाली, पहले मेरा नापो. त्यांनी मोजलं, आणि तिला गेटबाहेर काढलं. मीही गेले. मलाही काढलं. आम्ही तरुण आहोत, आमचे हात लांब आहेत, आम्हाला कोणी पंख्याखाली बसा म्हणत नाही.

काकूंनी फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाल्या, "तिथे माझ्या वयाचं कोणी उभं राहात नाही का? इतकं मोठं शहर आहे." आणि चष्मा काढला.

म्हणून हे तुम्हाला लिहितेय. तुमचे केस पांढरे असतील, तुम्हाला गार्ड नमस्ते करत असेल, तुमचं कोणी काही मोजत नसेल, तर तुम्हालाच. कुठलं गेट म्हणून विचारू नका. तुमच्या घराजवळच्या क्लासला, कॉलेजला, हॉस्टेलला सकाळी जाऊन बघा, मुलींची रांग बाजूला असेल. साडीत या, लेगिंगमध्ये या, पँटीत या, धोतरात या. काका असाल तरी या. सगळ्यात पुढे उभे राहा, हात सोडा आणि मोठ्यानं सांगा: नापो, पहले मुझे.

उद्या, आठच्या आधी. ती जागा रिकामी आहे.